भारत स्टेज ६ चे डिझेल, जुनी गाडी आणि नवीन खरेदी: कोल्हापुरातील वापरासाठी काय योग्य?

प्रश्न: राजारामपुरीकर

सर्व सभासदांना नमस्कार.

माझ्याकडे २०१५ मध्ये घेतलेली डिझेल मोटार असून नोंदणीच्या कागदपत्रांवर ती भारत स्टेज ४ ची, म्हणजे वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या सरकारी मानकांच्या चौथ्या टप्प्याची असल्याची नोंद आहे. राजारामपुरीतून कावळा नाका, तावडे हॉटेल असे करत शिरोली औद्योगिक वसाहतीत जाणे-येणे, सुटीला कधी जोतिबा किंवा पन्हाळा आणि अधूनमधून पुणे, एवढाच तिचा वापर आहे. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी गाडी पटकन सुरू होत नाही. एका गॅरेजमध्ये असे सांगण्यात आले की, सरकारने २०२० मध्ये आणलेल्या नव्या डिझेलमधील गंधक काढून टाकल्यामुळे ते ‘कोरडे’ झाले आहे, जुन्या गाड्यांचे पंप आणि नोझल त्यामुळे झिजत आहेत, आणि यावर उपाय म्हणून प्रत्येक टाकीत थोडे टू-स्ट्रोक ऑइल घालावे. आमच्या कारखान्यातील काही मंडळी याच्या अगदी उलट सांगतात. त्यांच्या मते इथले डिझेल चांगलेच आहे, मात्र स्वस्त मिळते म्हणून कोगनोळीच्या पलीकडे जाऊन भरलेले कर्नाटकातील डिझेल हलके असते आणि दोष त्याचा आहे.

दुसरी शंका धोरणाविषयी आहे. आपले डिझेल आता युरोपच्या तोडीचे शुद्ध आहे असे सरकार सांगते. मग त्याच सरकारच्या समित्या आणि मंत्री डिझेल मोटारींवर बंदी किंवा जादा कर यांची भाषा मधूनमधून का करतात? इंधन स्वच्छ झाले असेल तर त्यावर चालणारी गाडी अस्वच्छ कशी ठरते, हे मला नीट उमगलेले नाही. पुढील वर्षी गाडी बदलण्याचा विचार आहे आणि विक्रेते डिझेलचाच आग्रह धरत आहेत, म्हणून हे समजून घेणे निकडीचे झाले आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर: तेलशास्त्र

राजारामपुरीकर, आपल्या दोन्ही शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत. माझी नोकरीची बहुतेक वर्षे तेलशुद्धीकरण कारखान्यात गेली, त्यामुळे इंधनाच्या बाजूने लिहितो. इंजिनाविषयी इथले उद्यमनगरचे सभासद अधिक अधिकाराने सांगतील.

गंधक कच्च्या तेलातच असते. आखाती देशांतून येणाऱ्या तेलात ते बरेच असते आणि शुद्धीकरणात ते मुद्दाम काढले नाही, तर डिझेलमधून थेट गाडीच्या धुराड्यापर्यंत पोहोचते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडील डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. चाळीस लिटरच्या टाकीत सुमारे ३३ किलो डिझेल बसते हे लक्षात घेतले, तर त्या काळी एका टाकीत ३३० ग्रॅमपर्यंत गंधक असू शकत होते. आजच्या १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग या मर्यादेनुसार तेच प्रमाण एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले आहे. १९९६ मध्ये महानगरांसाठी अर्धा टक्का, २००० च्या सुमारास देशभर पाव टक्का, २००५ मध्ये ५०० पीपीएम, २०१० मध्ये ३५० पीपीएम, २०१७ मध्ये ५० पीपीएम आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम, असा हा उतार आहे.

यातील मधल्या काळाची एक गोष्ट आपल्या भागातील लोकांना सहसा ठाऊक नसते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा जो आराखडा दिला, त्यात मोठ्या शहरांना आधी आणि उर्वरित देशाला नंतर, अशी दोन पावलांची व्यवस्था होती. त्यानुसार २०१० मध्ये ५० पीपीएमचे डिझेल तेरा शहरांना मिळाले. त्या यादीत मुंबई आणि पुणे होतेच, पण आपल्या शेजारचे सोलापूरही होते. कोल्हापूर मात्र नव्हते. येथे ३५० पीपीएमचे डिझेल मिळत असताना सोलापूरच्या पंपावर त्याच्या सातव्या हिश्श्याइतके गंधक असलेले डिझेल मिळत होते. कागदावर हे समंजस दिसत असले, तरी गाडी एका गावात उभी राहत नाही. पुण्यात घेतलेली भारत स्टेज ४ ची मोटार कोल्हापुरात येऊन ३५०चेच डिझेल पीत असे, आणि देशभर फिरणाऱ्या मालट्रकना तर सगळीकडे चांगले इंधन मिळण्याची खात्रीच नसल्यामुळे त्यांची मानके २०१७ पर्यंत मागेच राहिली. एका देशात दोन प्रकारचे डिझेल ठेवण्याची ही किंमत होती.

म्हणूनच २०१६ च्या जानेवारीत सरकारने भारत स्टेज ५ पूर्णपणे वगळून थेट ६ वर जाण्याचा जो निर्णय घोषित केला, तो मला गेल्या पंचवीस वर्षांतील इंधन धोरणाचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. त्यापूर्वी २०१४ मध्ये सौमित्र चौधुरी समितीने ६ साठी २०२४ ही मुदत सुचवली होती. ती चार वर्षांनी अलीकडे ओढली गेली. दिल्लीला नवे इंधन २०१८ मध्येच देण्यात आले. भारत स्टेज ४ ची वाहने ३१ मार्च २०२० नंतर विकता अथवा नोंदवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावल्यामुळे वाहन कंपन्यांना मागे फिरण्याची वाटही उरली नाही. तेल कंपन्यांनी शुद्धीकरण कारखान्यांत हजारो कोटी रुपये घातले. ग्राहकाच्या खिशावर त्याचा भार लिटरमागे रुपयाच्या आसपास पडणार होता, पण नेमके त्याच वेळी टाळेबंदीमुळे कच्च्या तेलाचे भाव कोसळले असल्याने तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

आता ‘कोरड्या’ डिझेलविषयी. गंधक काढण्यासाठी डिझेल तापवून, मोठ्या दाबाखाली हायड्रोजनसोबत कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावरून नेले जाते. गंधक हायड्रोजनशी संयोग पावून वायुरूपाने बाहेर पडते आणि पुढे त्यापासून पिवळे घन गंधक मिळते, जे खत आणि सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यांना विकले जाते. या प्रक्रियेत डिझेलला नैसर्गिक वंगणगुण देणारे काही घटकही नष्ट होतात, इतपत आपल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे आहे. तथापि ही उणीव जगभर पूर्वीच ओळखली गेली असून, डिझेल पंपावर पोहोचण्याआधीच त्यात वंगण वाढवणारे रसायन मिसळले जाते. भारतीय मानक १४६० मध्ये त्याची कसोटीही दिलेली आहे: ठरावीक परिस्थितीत पोलादी गोळी पट्टीवर घासल्यानंतर पडणारा झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा लागतो. हेच मानक महाराष्ट्राला आणि हेच कर्नाटकाला लागू आहे. कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे फरक आहे तो राज्याच्या करात. डिझेल तेच असते.

राहिला डिझेलवरील रोषाचा प्रश्न. स्वच्छ इंधन आणि स्वच्छ वाहन या दोन गोष्टी आहेत. गंधक कमी झाल्याने जुन्या गाडीच्या धुरातील सल्फेटचे कण कमी होतात, हा लाभ आपल्या गाडीलाही मिळतो आहे. परंतु काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही गंधकापासून येत नाहीत. ती डिझेल ज्या पद्धतीने जळते तिच्यातूनच निर्माण होतात. ती अडवण्यासाठी गाडीत काजळीची जाळी, उत्प्रेरक आणि युरियाची फवारणी अशी यंत्रणा लागते, आणि ही यंत्रणा जास्त गंधकाच्या डिझेलवर टिकत नाही, कारण गंधक उत्प्रेरकाला निकामी करते. १० पीपीएमचे डिझेल आणण्याचे खरे कारण हे आहे. भारत स्टेज ४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडे ०.२५ ग्रॅम आणि सूक्ष्म कण ०.०२५ ग्रॅम सोडण्याची मुभा होती. भारत स्टेज ६ मध्ये ती अनुक्रमे ०.०८ आणि ०.००४५ ग्रॅमवर आली. आपली मोटार आज सर्वांत शुद्ध डिझेलवर चालते खरी, पण तिच्यावर बंधन आहे ते जुन्याच मर्यादेचे.

बंदीच्या बातम्यांविषयी एवढेच सांगतो की, पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या, तरुण कपूर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२३ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत चारचाकी डिझेल वाहने बंद करावीत अशी शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारल्याचे जाहीर केलेले नाही, आणि २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आत असलेले आपले शहर त्या व्याख्येत बसतही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नितीन गडकरी यांनी डिझेल वाहनांवर दहा टक्के जादा कराची भाषा केली आणि त्याच दिवशी असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासाही केला. माझ्या मते डिझेल मोटारीचे खरे दिवस फिरले ते बंदीच्या धाकाने नव्हे, तर १८ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्राने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले तेव्हा. शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि एसटीसाठी म्हणून स्वस्त ठेवलेले डिझेल तोवर मोठमोठ्या आलिशान गाड्या पीत होत्या, ही विसंगती कधीतरी संपणारच होती.

उत्तर: उद्यमनगर

तेलशास्त्र साहेबांनी इंधनाची बाजू स्पष्ट केलीच आहे. मी पंप-नोझलच्या दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, आणि ज्या पेठेत एके काळी ऑइल इंजिने घडवली जात आणि पंचगंगेकाठच्या मळ्यांवर जाऊन बसत, त्याच पेठेत आमचे वर्कशॉप आहे. त्यामुळे ‘डिझेल कोरडे झाले’ ही तक्रार आमच्या टेबलावर रोजची आहे.

टेस्ट बेंचवर उघडलेले पंप पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, खराब होणाऱ्या पंपांपैकी बहुतेकांना पाण्याने आणि कचऱ्याने मारलेले असते. कॉमन रेल पंप, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एका सामाईक नळीतून (रेलमधून) डिझेल पुरवणाऱ्या आधुनिक रचनेतील पंप, डिझेलवर दीड-दोन हजार बार इतका दाब निर्माण करतो आणि त्यातील फिरत्या भागांना वंगण म्हणून दुसरे काही नसते, डिझेलच असते. त्यात पाण्याचा थेंब गेला, की आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तांबूस ठिपके पडतात आणि तेथून धातूचा चुरा सुटून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरांत जातो. फिल्टरच्या तळाशी पाणी साठण्याची जागा असते आणि ते सोडण्यासाठी चावी असते. पण सर्व्हिसिंगच्या वेळी ती चावी फिरवलेली गाडी मला क्वचितच दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस पारदर्शक बाटलीत ते सोडून पाहावे. खाली पाण्याचा थर आणि वर डिझेल असे दोन रंग डोळ्यांना स्पष्ट दिसतात.

आपल्या गाडीच्या सकाळच्या त्रासाचे कारण मला डिझेलमध्ये वाटत नाही. थंडीतच तो जाणवतो, यावरून आधी बॅटरी आणि थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग तपासावेत. ते ठीक असतील, तर इंजेक्टरची परतीची चाचणी करून घ्यावी. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक छोटी बाटली जोडून इंजिन काही मिनिटे चालवतात. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत काठोकाठ डिझेल आले, तर कोणता इंजेक्टर आतून गळतो ते तिथल्या तिथे कळते. तो गळत असला, की सकाळी थंड इंजिनात रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही आणि स्टार्टर फिरतच राहतो. ही चाचणी न करता चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास सरळ दुसरीकडे जावे.

टू-स्ट्रोक ऑइल घालू नये. जुन्या, यांत्रिक पंपाच्या जीपमध्ये ते खपून जात असे; कॉमन रेलमध्ये त्याची गरज नाही, आणि काजळीची जाळी असलेल्या नव्या गाडीत तर त्या तेलाची राख जाळीत कायमची बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही.

जाळीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या नव्या खरेदीबद्दलही लिहितो. एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या या जाळीत, म्हणजे ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात त्यात, काजळी साठत जाते आणि ठरावीक पातळी गाठल्यावर गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून जाळीचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि ती काजळी जाळून टाकते. या कामाला सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेग लागतो. राजारामपुरी ते शिरोली हे अंतर, त्यातही कावळा नाक्याची आणि तावडे हॉटेलची कोंडी, यांत इंजिन धड तापते न तापते तोच कारखान्याचे फाटक येते. जळण्याची क्रिया सुरू होऊन अर्धवट राहिली, की जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वर चढलेली दिसते, आणि ग्राहक आनंदाने सांगतो की त्याची गाडी ऑइल अजिबात पीत नाही!

अशा वापरात डिझेल घेतलेच, तर डॅशबोर्डवर जाळीचा दिवा लागण्याची वाट न पाहता आठवड्यातून एकदा महामार्गावर किणी टोल नाक्याच्या दिशेने एका लयीत गाडी चालवून आणावी आणि इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या प्रतीचेच घालावे. पण मुळात घ्यावी का, याचा हिशोब निराळा आहे. उदाहरणादाखल पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरू; पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर धावते असे मानू. किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ७ रुपये आणि ४ रुपये ६० पैसे होतो. डिझेल गाडी सव्वा लाखाच्या घरात महाग असेल, तर तेवढा फरक वसूल होण्यास पन्नास हजार किलोमीटरच्या वर जावे लागेल. महिन्याला सातशे किलोमीटरच्या वापरात हे सहा वर्षांचे काम आहे, आणि त्यात जाळी, सेन्सर आणि इंजेक्टर यांच्या दुरुस्तीचा खर्च धरलेला नाही. विक्रेत्याचा आग्रह त्याच्याजवळ ठेवावा.

राजारामपुरीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाटल्यांची चाचणी मी अवश्य करून घेईन. पेट्रोलकडे माझा कल आता झुकला असला, तरी एक गोष्ट विचारतो. माझ्या मेहुण्याकडे २०२१ ची डिझेल गाडी आहे आणि जाळी वारंवार तुंबत असल्याने एकाने ती काढून, संगणकात बदल करून देण्याची तयारी दाखवली आहे. पीयूसी मिळण्यास काहीच अडचण येत नाही अशी हमीही तो देतो. हे खरे आहे का? आणि पीयूसी मिळत असेल, तर मग या सगळ्या मानकांना अर्थ काय उरला?

उत्तर: पंचगंगातीर

राजारामपुरीकर, आपण विचारलेला शेवटचा प्रश्न या संपूर्ण धोरणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा आहे, म्हणून मी मध्येच लिहितो आहे.

प्रथम कायद्याचे सांगतो. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि पुढे विमा कंपनीने दावा नाकारल्यास तक्रार करण्यास जागा राहत नाही. मेहुण्यांना असा उद्योग करू देऊ नये.

पीयूसीविषयीची हमी मात्र दुर्दैवाने पोकळ नाही. पंपाशेजारी उभ्या असलेल्या गाडीतील त्या केंद्रावर डिझेल वाहनाची जी तपासणी होते, तीत धुराड्यात नळी घालून, गाडी उभी असतानाच अॅक्सिलरेटर जोरात दाबून धूर किती अपारदर्शक आहे एवढेच मोजतात. जाळी असलेल्या गाडीचे जे खरे वैशिष्ट्य, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची संख्या, ती या यंत्राला मोजताच येत नाही. नायट्रोजन ऑक्साइडे तर या चाचणीत येतच नाहीत. आधुनिक इंजिन जाळीविनाही डोळ्यांना फारसा काळा धूर सोडत नाही, त्यामुळे ते उत्तीर्ण होण्याची शक्यता असते. नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी २०२३ पासून नियमित तपासणीत कणांची संख्या मोजणारे यंत्र आणले, ते नेमके जाळी काढून फिरणाऱ्या गाड्या सापडाव्यात म्हणून. आपल्याकडे नवीन गाडीच्या मान्यतेची चाचणी १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर घेतली जाते, आणि ते चांगलेच झाले. परंतु तीच गाडी ग्राहकाच्या हाती पडल्यावर तिच्याकडून आपण वीस वर्षांपूर्वीच्याच पद्धतीने हजेरी घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला, हे ध्यानात घेतले तर ही ढिलाई परवडणारी नाही.

तथापि सर्व भार मोटारींवर टाकणेही न्यायाचे होणार नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील जी शहरे आहेत, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूर आणि सांगलीही आहेत. आपल्या हवेत रस्त्यांची धूळ, बांधकामे आणि फाउंड्री उद्योग यांचा वाटा आहे, आणि ऊसतोडणीच्या हंगामात तर निराळेच चित्र दिसते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढावर ज्या तऱ्हेने काळा धूर ओकतो तो आपण सर्वांनी मागे अडकून पाहिला आहे. त्याच्या टाकीतही १० पीपीएमचेच डिझेल असते. परंतु ट्रॅक्टरची मानके वेगळी आहेत: त्यातील नवा टप्पा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला तो पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना, आणि त्याखालील सर्व ट्रॅक्टर जुन्याच मर्यादांवर विकले जात राहिले. शेतकऱ्याला महाग यंत्रणा परवडत नाही हे कारण मला समजते, मी स्वतः शिरोळ तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील आहे. परंतु शुद्ध इंधनावर देशाने एवढा खर्च केल्यानंतर, ते इंधन भरपूर जाळणाऱ्या आणि गावातूनच फिरणाऱ्या यंत्राला त्याचा अर्धाच लाभ घेता यावा, हे पटत नाही. निदान कारखान्यांकडे ऊस आणणाऱ्या वाहनांची हंगामापूर्वी पंप-नोझलची तपासणी सक्तीची केली, तरी पुष्कळ फरक पडेल. त्याला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला तेलशास्त्र साहेबांकडून जाणून घ्यायची आहे. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखाने इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत जाते. डिझेलमध्ये तसे काही का होत नाही?

तेलशास्त्र

पंचगंगातीर, इथेनॉल पेट्रोलमध्ये सहज विरघळते, डिझेलमध्ये ते नीट राहत नाही. थोडे पाणी मिळाले की वेगळे होते. शिवाय ते दाबाखाली स्वतःहून पेट घेण्यास नाखूष असते आणि डिझेल इंजिन चालते तेच मुळी त्या गुणावर. म्हणून आता आयसोब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलचे डिझेलमध्ये मिश्रण करून पाहण्याचे प्रयोग सुरू आहेत. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, पण त्यासाठी पुरेसे खाद्येतर तेल मिळवणे हीच मोठी अडचण ठरली आहे; वापरलेले तळणाचे तेल गोळा करण्याची मोहीम त्यातूनच निघाली.

येथे सर्वांना सावध करतो. महामार्गालगत ‘बायोडिझेल’ या नावाने जे स्वस्त इंधन विकले जाते, त्यात पुष्कळदा औद्योगिक वापराचे तेल असते. त्यातील गंधकावर कोणाचे नियंत्रण नसते आणि नव्या गाडीचा उत्प्रेरक त्याने निकामी होऊ शकतो. अधिकृत पंपावर ग्राहकाने मागितल्यास घनता मोजून दाखवणे बंधनकारक असते. हायड्रोमीटर आणि तापमापक लावून आलेला आकडा १५ अंश सेल्सिअसला रूपांतरित करतात आणि टँकरच्या पावतीवर नोंदलेल्या आकड्याशी तो ताडून पाहतात. फरक घनमीटरमागे ३ किलोच्या आत असावा. शंका आली तर हे मागायला लाजू नये.

उत्तर: महालक्ष्मी ट्रॅव्हल्सचा चालक-मालक

चर्चा वाचत होतो. माझ्या दोन गाड्या पर्यटकांना घेऊन गोवा, महाबळेश्वर अशा सतत लांबच्या वाटेवर असतात आणि मला डिझेलच परवडते, जाळीचाही काही त्रास नाही. अडचण युरियाच्या द्रावणाची आहे. ते संपत आले की गाडी आधी इशारा देते आणि पूर्ण संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. आमच्यातील काही चालक सोसायटीतून आणलेला शेतीचा युरिया शुद्ध पाण्यात विरघळवून भरतात आणि बाजारातील डब्यातही तेच असते असे सांगतात. हे चालेल का?

उद्यमनगर

मुळीच चालणार नाही. शेतीच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा आहे, आणि तो थर, त्यातील धूळ आणि इतर अशुद्धता फवारणीच्या बारीक नोझलमध्ये पांढऱ्या खड्यासारखी बसते. पुढे उत्प्रेरकही जातो, आणि तो बदलण्याच्या खर्चात अनेक वर्षांचे तयार द्रावण आले असते. डब्यातील द्रावणात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि क्षाररहित पाणी असते. प्रमाण थोडे चुकले तरी सेन्सर तक्रार करतो. घेताना डब्यावर आयएसओ २२२४१ हे मानक, सील आणि उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी, आणि उन्हाळ्यात डबा डिकीत महिनोन् महिने ठेवू नये, कारण उष्णतेने युरियाचे विघटन होऊन त्याची ताकद कमी होते. चुकून ते डिझेलच्या टाकीत ओतले गेले, तर चावी न फिरवता गाडी ओढूनच वर्कशॉपला आणावी.